तक्त्याची चारही घरे भरा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण एका अनुभवी ज्योतिषांचा लेख छापला आहे. ज्योतिष म्हणजे दुसरेतिसरे काही नसून संख्याशास्त्रच आहे, पूर्वजांनी हजारो वर्षे माणसांचे निरीक्षण केले, ग्रहस्थिती आणि आयुष्यातील घटना यांची सांगड घातली आणि त्यातून नियम बसवले, असे त्या लेखाचे मुख्य म्हणणे आहे. हे वाक्य मी लग्नमंडपात, एसटीत आणि स्टाफरूममध्ये इतक्या वेळा ऐकले आहे की एरवी मी ते सोडून दिले असते. परंतु मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवले आहे, आणि ज्या शास्त्रावर मी पोट भरले त्याचे नाव घेऊन कोणी दावा करत असेल, तर तो दावा त्या शास्त्राच्या नियमांनी तपासणे हे मी माझे कर्तव्य समजते. लेखकांच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. गावच्या देवळात लावला जाणारा कौल, घातले जाणारे गाऱ्हाणे, यांबद्दलही मी येथे काही म्हणत नाही, कारण कौल घेणारा माणूस आपण आकडेमोड करत आहोत असे म्हणत नाही. जो म्हणतो, त्याच्याशी आकड्यांनी बोलावे लागते.

आमच्या दापोली तालुक्याच्या किनाऱ्यावर ज्योतिषाच्या बाजूने हमखास दिला जाणारा युक्तिवाद समुद्राचा असतो. चंद्रामुळे एवढा समुद्र उसळतो, मग पाण्यानेच भरलेल्या माणसाच्या देहावर ग्रहांचा परिणाम का होणार नाही, असे विचारले जाते. हा प्रश्न मला आवडतो, कारण त्याचे उत्तर किनाऱ्यावरच्या माणसाला आधीच माहीत असते. हर्णै बंदरात होडी घालणाऱ्या कोणालाही भरतीची वेळ विचारा, तो तिथीची पाऊणपट करून सांगेल. चतुर्थी असेल तर तीनच्या सुमारास, अष्टमी असेल तर सहाच्या सुमारास, एकादशी असेल तर सव्वाआठच्या सुमारास पुरती भरती; अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. खाडीच्या आत आणि बाहेर थोडा फरक पडतो, वाऱ्याने थोडा पडतो, पण नियम टिकतो. या नियमाची रचना पाहण्यासारखी आहे. तो चंद्रावरूनच काढलेला आहे, तो घटनेच्या आधी सांगितला जातो, त्यात वेळ स्पष्ट असते, आणि चतुर्थीला तीनऐवजी नऊ वाजता भरती आली तर नियम चुकला हे मान्य करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. आपल्या आजोबा-पणजोबांनी संख्याशास्त्र हा शब्दही न ऐकता ही कसोटी लावली, आणि चंद्र तिला उतरला. पत्रिकेलाही हीच कसोटी लावावी, एवढेच माझे मागणे आहे.

राहिला प्रश्न देहातल्या पाण्याचा. पौर्णिमेला बाळंतपणे जास्त होतात हा समज आपल्याकडच्या सुईणींत होता तसा परदेशांतही आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९९७ ते २००१ या काळातील ५,६४,०३९ जन्मांची नोंद ६२ चांद्रमासांशी ताडून पाहिली गेली आणि २००५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. चंद्राच्या कोणत्याही कलेला जन्म अधिक होत असल्याचे त्यात आढळले नाही. समुद्रावरचा परिणाम खरा म्हणून देहावरचाही खरा असे अनुमान करता येत नाही. दोन्ही वेगवेगळे मोजावे लागतात.

याच जातीची आणखी एक गल्लत लेखात आहे. पंचांगात दिलेले ग्रहण मिनिटाच्या हिशेबाने खरे ठरते, मग त्याच पंचांगावर आधारलेले भविष्य खोटे कसे, असे लेखक विचारतात. आपल्या परंपरेनेच ज्योतिषाचे गणित, संहिता आणि होरा असे तीन स्कंध, म्हणजे शाखा, मानले आहेत; पत्रिकेवरून भविष्य सांगणे हा होरास्कंध. भारतीय ज्योतिर्गणिताचा इतिहास ज्यांनी उभा केला ते शंकर बाळकृष्ण दीक्षित आमच्याच तालुक्यातल्या मुरूडचे, आणि १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे इथून जवळच्या मुर्डीचे. तेव्हा गणिताचा अभिमान आम्हाला कोणी शिकवायला नको. २६ डिसेंबर २०१९ चे सूर्यग्रहण सांगितलेल्या वेळी लागले आणि सांगितलेल्या वेळी सुटले, हे यश गणितस्कंधाचे आहे. ते होरास्कंधाच्या खात्यावर जमा करणे म्हणजे एका भावाने फेडलेल्या कर्जाची पावती दुसऱ्या भावाने दाखवण्यासारखे आहे.

आता मूळ मुद्दा. हजारो वर्षांचे निरीक्षण म्हणजे संख्याशास्त्र नव्हे. संख्याशास्त्रात कोणत्याही अशा दाव्याचा साधा तक्ता चार घरांचा असतो. भाकित केले आणि घडले, हे पहिले घर. भाकित केले पण घडले नाही, हे दुसरे. भाकित केले नव्हते तरी घडले, हे तिसरे. भाकित नव्हते आणि घडलेही नाही, हे चौथे. चारही घरांतले आकडे हाती आल्याशिवाय भाकिताचा घटनेशी संबंध आहे की नाही, हे कोणालाही सांगता येत नाही. ज्योतिषांच्या आठवणीत, यजमानांच्या आठवणीत आणि जुन्या ग्रंथांत भरलेले असते ते फक्त पहिले घर. ज्याचे भविष्य चुकले तो माणूस परत सांगायला येत नाही; आला तर जन्मवेळ चुकली असेल असे त्याला सांगितले जाते आणि ती नोंद दुसऱ्या घरात न जाता कचऱ्यात जाते. तिसऱ्या आणि चौथ्या घराकडे तर कोणी पाहतच नाही. हजारो वर्षे एकच घर भरत राहिले, तर ते कितीही भरले तरी त्यातून नियम निघत नाही.

पत्रिका जुळवून झालेली लग्ने टिकतात, हा दावा घ्या. तो खरा आहे, टिकतात. पण आपल्या समाजात पत्रिका न जुळवता झालेली लग्नेही बहुतांश टिकतात, आणि ती का टिकतात याची कारणे, त्यांतली काही आनंदाची आणि काही दुःखाची, आपणा सर्वांना माहीत आहेत. छत्तीस गुणांपैकी किती जुळले हे पाहून झालेल्या लग्नांतली किती मोडली आणि न पाहता झालेल्यांतली किती मोडली, हे शेजारी शेजारी मांडल्याशिवाय पहिल्या वाक्याला काही अर्थ नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये एका संशोधकाने २००१ च्या जनगणनेतील सुमारे एक कोटी जोडप्यांच्या जन्मतारखा घेऊन हे पाहिले होते की, ज्या राशींचे परस्परांशी जमते असे तिकडचे ज्योतिषी सांगतात त्या राशींची माणसे खरोखरच एकमेकांशी अधिक प्रमाणात लग्ने करतात का. तसे काहीही आढळले नाही. एकाच राशीच्या जोडप्यांची संख्या किंचित जास्त दिसली, पण तिचे कारण जनगणनेचा अर्ज भरताना झालेल्या चुकांत निघाले. जोडीदाराची तारीख लिहिताना लोक आपलीच तारीख लिहून जातात! एक कोटी जोडप्यांत किंचितसा खरा कलसुद्धा लपून राहिला नसता. तिकडची राशी सूर्याची आणि आपली चंद्राची, हा फरक मला ठाऊक आहे. म्हणूनच आपल्या पद्धतीची परीक्षा आपल्याकडेच व्हायला हवी.

ती महाराष्ट्रात एकदा झाली आहे, आणि आपल्या लेखकांनी तिचा उल्लेखही करू नये याचे मला वाईट वाटले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे संस्थापक डॉ. जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचा स्वतः अभ्यास केलेले प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये ही चाचणी घेतली आणि २००९ मध्ये तिचा निष्कर्ष ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर मतिमंद मुले यांच्या जन्मनोंदी शाळांकडून घेऊन दोनशे पत्रिका तयार करण्यात आल्या. आव्हान स्वीकारणाऱ्या प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस पत्रिका देण्यात आल्या आणि प्रत्येक पत्रिका कोणत्या गटातील मुलाची आहे, एवढेच सांगायचे होते. कोणती पत्रिका कोणाची याची किल्ली स्वतंत्रपणे जपून ठेवलेली होती, त्यामुळे पाठवणाऱ्याकडून किंवा तपासणाऱ्याकडून नकळतही इशारा जाण्याची सोय नव्हती. ५१ ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी २४ बरोबर असा होता. दोघांचे २२ आले. उरलेले सर्व २० किंवा त्याखाली राहिले. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका पाहिल्या आणि तिची १०२ उत्तरे बरोबर आली.

हे आकडे कसे वाचायचे, यावर थोडे थांबते, कारण गैरसमज येथेच होतात. चाळीसपैकी चोवीस म्हणजे साठ टक्के, पहिला वर्ग, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण चाळीस वेळा नाणे उडवले तर चोवीस किंवा अधिक वेळा छापा पडण्याची शक्यता सुमारे साडेसातात एक असते. सत्तावीस माणसांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतल्या तीन-चार जणांना चोवीस किंवा त्याहून अधिक गुण मिळायला हवे होते. प्रत्यक्षात एकालाच मिळाले. नुसत्या नशिबाने शंभरात एखाद्यालाच मिळतील असे गुण हवे असतील तर चाळीसपैकी अठ्ठावीसपर्यंत जावे लागते, आणि तिथवर कोणीही पोहोचले नाही. दोनशेपैकी १०२ हा तर नाण्याने द्यावा तसाच निकाल आहे. बहुतेक ज्योतिषी वीसच्या खाली राहिले म्हणून त्यांना नाण्याहूनही कमी कळते, असा उलटा अर्थ मात्र मी काढणार नाही. सर्वांच्या पत्रिका त्याच दोनशेतून निवडलेल्या होत्या आणि सर्वांचे नियमही पुष्कळसे सारखे होते, त्यामुळे ती सत्तावीस उत्तरे परस्परांपासून पूर्ण स्वतंत्र धरता येत नाहीत. आकडा जेवढे बोलतो तेवढेच ऐकावे.

या चाचणीवर एक आक्षेप घेतला जातो की, जन्मवेळा अचूक नसल्या तर पत्रिका बरोबर येणार कशी. पत्रिकेतले लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी राशी, सुमारे दोन तासांनी आणि नवमांश, म्हणजे राशीचा नववा भाग, सुमारे तेरा मिनिटांनी बदलतो, हे खरे आहे. परंतु हा आक्षेप घेणाऱ्याने तो शेवटपर्यंत न्यावा. आमच्या पिढीतली बहुतेक कोकणी माणसे घरातल्या बाळंतिणीच्या खोलीत सुईणीच्या हातावर जन्मली. जन्मवेळ म्हणून जी सांगितली जाते ती पहाटेचा कोंबडा, गुरे सोडायची वेळ, दिवेलागण, अशा खुणांवरून मागाहून ठरवलेली आहे. माझी स्वतःची वेळ “शाळा सुटायच्या सुमारास” अशी आहे आणि तिच्यावरून केलेली पत्रिका माझ्या लग्नात दोन्हीकडच्या भटजींनी गंभीरपणे तपासली. शाळांच्या नोंदींवरून केलेल्या पत्रिका चाचणीसाठी अविश्वसनीय असतील, तर घरोघरच्या कपाटातल्या पत्रिकांवरून मुलींची लग्ने मोडणे त्याहून अविश्वसनीय आहे.

हे मी केवळ तत्त्वासाठी लिहीत नाही. माझ्या भाचीला मंगळ आहे. शिकलेली, कमावती, समंजस मुलगी. सहा ठिकाणी बोलणी पसंतीपर्यंत गेली आणि पत्रिका पाहिल्यावर थांबली. एका ठिकाणी शांतीचा खर्च सांगण्यात आला आणि तो केल्यानंतरही नकारच आला. आता ती चौतीस वर्षांची आहे आणि पत्रिका हा शब्द काढला की खोलीतून उठून जाते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, मी पुढचा हिशेब कागदावर मांडून दाखवला, तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. तोच हिशेब मी आपल्या वाचकांपुढे ठेवते.

पत्रिकेत मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला म्हणजे माणसाला मंगळ आहे असे आपल्याकडे म्हणतात. बारा स्थानांपैकी पाच. म्हणजे कोणत्याही वर्षी, कोणत्याही गावी जन्मलेल्या शंभर माणसांपैकी ढोबळमानाने बेचाळीस जणांना मंगळ असतो. काही जण हाच मंगळ चंद्रापासून आणि शुक्रापासूनही मोजतात. तसे मोजले तर हा आकडा ऐंशीच्या आसपास जातो. लग्नराशीपासून मोजायचा साधा नियमच घेऊ. पत्रिका न पाहता जमलेल्या जोडप्यांत दोघांपैकी नेमक्या एकालाच मंगळ असण्याची शक्यता ४९ टक्क्यांच्या जवळपास येते, म्हणजे जवळजवळ दर दोन जोडप्यांत एक. आता आपल्या किनाऱ्याकडे पाहा. येथे पिढ्यान्‌पिढ्या पत्रिका न पाहता लग्ने करणारी मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबे शेजारी राहतात, त्याच विहिरीचे पाणी पितात, त्याच समुद्रावर जातात. मंगळाचा दोष जोडीदाराच्या आयुष्यावर येतो हे खरे असते, तर त्या निम्म्या घरांत अकाली वैधव्य किंवा विधुरपण दिसले असते, आणि ते पाहायला संख्याशास्त्रज्ञाची गरज पडली नसती. आयुर्विमा विकणारे लोक मृत्यूचा हिशेब जगात सर्वांत काळजीपूर्वक करतात, कारण तो चुकला तर त्यांचे पैसे जातात. ते वय विचारतात, आजार विचारतात, तंबाखू विचारतात. जोडीदाराचा मंगळ ते विचारत नाहीत.

एकनाडीचेही तसेच आहे. सत्तावीस नक्षत्रे आद्य, मध्य आणि अंत्य या तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत, तेव्हा कोणत्याही दोन माणसांची नाडी एकच निघण्याची शक्यता सुमारे एक-तृतीयांश आहे. आठ गुणांचे हे कूट छत्तीसांतले सर्वांत मोठे, आणि तेवढ्याच कारणावरून स्थळे नाकारली जातात. यावर सांगितले जाते की अपवाद असतात, सौम्य मंगळ असतो, नाडीचा परिहार असतो. मान्य आहे, पण अपवादांची यादी लग्न टिकल्यानंतर किंवा मोडल्यानंतर नव्हे, आधी लिहून द्यायला हवी. प्रत्येक चुकलेल्या भाकिताला मागाहून एक अपवाद मिळत असेल, तर तो नियम कधीच चुकू शकत नाही, आणि जो चुकूच शकत नाही त्याची परीक्षाही होऊ शकत नाही.

ज्योतिषाच्या बाजूने आकड्यांत काहीच सापडलेले नाही असे मी म्हणणार नाही, कारण ते न्यायाचे होणार नाही. फ्रान्समधील मिशेल गोकलाँ यांचे नाव मी वर्गात नेहमी आदराने घेत असे. नगरपालिकांच्या दप्तरांतून त्यांनी हजारो जन्मवेळा गोळा केल्या आणि १९५५ मध्ये आपला पहिला ग्रंथ काढला. राशींचे रूढ नियम त्यांच्याच आकड्यांपुढे टिकले नाहीत, आणि हे त्यांनी लपवले नाही. मात्र नामवंत खेळाडूंच्या जन्मवेळी मंगळ नुकताच उगवलेला किंवा माथ्यावरून नुकताच ढळलेला असण्याचे प्रमाण अपेक्षित सतरा टक्क्यांऐवजी बावीस टक्क्यांच्या आसपास असल्याचे त्यांना दिसले. यावर अनेक वर्षे वाद झाला. नामवंत कोणाला म्हणायचे, यादीत कोणाला घ्यायचे आणि कोणाला गाळायचे, हा निर्णय जन्मवेळ माहीत असताना झाला तर आकडा कसा झुकतो, हे त्या वादातून जगाला शिकायला मिळाले. पुढे फ्रान्समधील एका स्वतंत्र समितीने १,०६६ खेळाडूंवर तीच चाचणी घेतली, आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात मंगळाचा प्रभाव आढळला नाही.

पुष्कळ आकडे चाळले की त्यांत काहीतरी सापडतेच, ही गोष्ट मला विद्यार्थ्यांना पटवणे सर्वांत अवघड जाई. त्यासाठी दोन उदाहरणे फार उपयोगी पडत. हृदयविकाराच्या झटक्यानंतर ॲस्पिरिन दिल्याने जीव वाचतात हे १९८८ मध्ये १७,१८७ रुग्णांवरील चाचणीने सिद्ध केले. तेव्हा त्या संशोधकांनी मुद्दाम रुग्णांची राशीवार विभागणी करून दाखवले की मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग झालेला दिसत नाही! गटांचे फार तुकडे पाडले की असे भास होतात, हे वैद्यकीय जगाला समजावे म्हणून त्यांनी हे छापले होते. दुसरे उदाहरण कॅनडातील ऑन्टारियो प्रांताचे. तेथे एक कोटीहून अधिक रहिवाशांच्या रुग्णालयातील नोंदी बारा राशींत वाटून २२३ आजारांशी ताडण्यात आल्या. निम्म्या लोकसंख्येत प्रत्येक राशीला ठळकपणे चिकटलेले दोन-दोन, असे चोवीस आजार सापडले. तेच चोवीस संबंध उरलेल्या निम्म्या लोकसंख्येत पाहिले तेव्हा दोनच टिकले, सिंहेच्या लोकांत पोटातला रक्तस्राव आणि धनूच्या लोकांत दंडाच्या हाडाचा मोड. आणि इतक्या तुलना केल्याचा हिशेब धरल्यावर तेही गळून पडले. कल्पना करा की हा अभ्यास पहिल्या निम्म्यावरच थांबला असता. चोवीस “सिद्ध” नियम घेऊन एक नवे शास्त्र उभे राहिले असते, आणि हजारो वर्षांनी कोणीतरी लिहिले असते की पूर्वजांनी एक कोटी माणसांचे निरीक्षण केले होते.

जन्ममहिन्याचा आयुष्याशी खरा संबंध असू शकतो, हेही येथे सांगायला हवे. कॅनडातील कनिष्ठ आइस हॉकीच्या संघांत जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेली मुले फार जास्त असतात, हे १९८५ पासून माहीत आहे. तेथे वयोगट १ जानेवारीला धरतात, म्हणून जानेवारीत जन्मलेला मुलगा डिसेंबरमधल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा आणि धट्टाकट्टा असूनही त्याच गटात खेळतो आणि निवडला जातो. नुसत्या राशी पाहणाऱ्याला यात मकर आणि कुंभेचा पराक्रम दिसला असता. संबंध दिसला म्हणजे कारण कळले असे नाही, ही पायरी आपल्याकडे सर्रास गाळली जाते.

लेखकांशी वाद घालून थांबण्यापेक्षा मला त्यांच्यापुढे एक प्रस्ताव ठेवायचा आहे, आणि तो कोकणात सहज पार पडेल असा आहे. दरवर्षी पंचांगात पावसाच्या नक्षत्रांची वाहने दिलेली असतात आणि आपले दैनिकही ती छापते. सूर्य नक्षत्रात प्रवेश करतो त्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे हे पाहून सूर्यनक्षत्रापासून तिथपर्यंत मोजायचे, नवाने भागायचे आणि बाकीवरून वाहन ठरवायचे, अशी ही रीत आहे. बेडूक, म्हैस, हत्ती असेल तर भरपूर पाऊस. कोल्हा, मेंढा असेल तर ओढ. बाकीच्यांची फळे मधली किंवा मोघम. पत्रिकेच्या भाकितात जे सहसा मिळत नाही ते येथे आयते मिळते. भाकित छापील आहे, पावसाच्या आधी छापलेले आहे, आणि पाऊस मिलिमीटरमध्ये मोजला जातो. हर्णै, रत्नागिरी, वेंगुर्ले येथे हवामान खात्याच्या वेधशाळा आहेत आणि त्यांच्या दैनंदिन नोंदी उपलब्ध होतात.

एक सापळा टाळावा लागेल. तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, ही नक्षत्रे कोकणात कोणत्याही वाहनावर बसून आली तरी झोडपतातच. पुष्याला बेडूक आहे आणि धो-धो पाऊस झाला, यात बेडकाला श्रेय नाही. कोल्हा असता तरी पऱ्हे, म्हणजे आमच्याकडचे ओढे, दुथडी भरून वाहिलेच असते. म्हणून पुष्याच्या पावसाची तुलना पुष्याशीच करायची. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांतील पुष्याच्या पावसाचा मध्यक, म्हणजे निम्मी वर्षे ज्याच्या वर आणि निम्मी ज्याच्या खाली राहतात तो आकडा, काढायचा आणि त्या त्या वर्षीचा पाऊस त्याच्या वर की खाली, एवढेच लिहायचे. मृगापासून हस्तापर्यंत नऊ नक्षत्रे आणि पन्नास वर्षे मिळून साडेचारशे नोंदी होतात. त्यांतली स्पष्ट फळाची पाच वाहने घेतली तर सुमारे अडीचशे भाकिते हाती येतील. वाहनाचा पावसाशी काहीच संबंध नसेल तर त्यांतली १२५ च्या आसपास बरोबर येतील, आणि नुसत्या नशिबाने हा आकडा १०९ ते १४१ च्या बाहेर क्वचितच जाईल. वाहन दहापैकी सहा वेळा जरी खरे सांगत असेल, तरी आकडा दीडशेच्या घरात जाईल आणि ही चाचणी ते बहुधा पकडेल. एकाच पावसाळ्यातील लागोपाठची नक्षत्रे काहीशी एकमेकांसारखी वागतात आणि दर एकोणीस वर्षांनी चंद्राची स्थिती जवळजवळ पुन्हा तीच येते, म्हणून ही मर्यादा थोडी सैल ठेवावी लागेल. किती सैल, ते मी मोजणीआधी लिहून देईन.

पंचांग कोणते घ्यायचे आणि कोणत्या वाहनाचे फळ काय मानायचे, हे लेखकांनी स्वतः ठरवून, सही करून, बंद पाकिटात आपल्या कार्यालयात ठेवावे. वाहने उतरवून घेणाऱ्यांना पाऊस दिसू नये आणि पावसाचे आकडे लावणाऱ्यांना वाहने दिसू नयेत, यासाठी दोन वेगळ्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांचे गट करता येतील. दोन्ही याद्या आपल्या कार्यालयातच जोडाव्यात. एकूण आकडा १४१ च्या आणि मी आधी लिहून दिलेल्या सैल मर्यादेच्याही वर गेला, तर तो मी माझ्या नावानिशी आपल्या दैनिकात जाहीर करीन आणि वेंगुर्ल्याच्या नोंदींवर तीच चाचणी पुन्हा घेऊ. तो खाली राहिला, तर लेखकांनीही तसेच जाहीर करावे. मंगळाची परीक्षा यानंतर करता येईल; तिला विवाहनोंदी आणि मृत्यूनोंदी लागतील, आणि लोकांच्या घरातल्या दुःखाला हात घालण्याआधी पावसावर हात बसवून घेतलेला बरा.

माझ्याकडे १९८३ पासूनची पंचांगे आहेत. त्याआधीची बारा वर्षे हवी आहेत. ज्या घरांत देवघराच्या फडताळात किंवा माळ्यावरच्या पेटीत १९७१ ते १९८२ ची पंचांगे असतील, त्यांनी मृगापासून हस्तापर्यंतच्या पानांची छायाचित्रे काढून आपल्या कार्यालयाकडे पाठवावीत, ही विनंती आपण या पत्रासोबत छापावी. पंचांग कोणत्या गावच्या कर्त्याचे आहे, ते पानावर दिसेल एवढे पाहावे.

आपली,
संख्याशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका
ता. दापोली, जि. रत्नागिरी